‘माझा फोटो चांगला येत नाही’ : एका तक्रारीची तपासणी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हांला थोडं काळजीनेच विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसावर ‘फोटोत चांगलं कसं दिसावं’ यावर बोलायची वेळ का यावी? त्यांना आम्ही म्हटलं, की ज्ञान म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, हे प्रश्न आम्हांला फार लोकांनी विचारले नाहीत. पण ‘माझा फोटो काही चांगला येत नाही बुवा’ हे वाक्य आम्ही इथे चारकोपमध्ये जवळजवळ रोज ऐकतो. गणपतीच्या मंडपात, बारशाला, सोसायटीच्या पूजेला. कुणी मोबाइल वर केला की एक जण हळूच मागे सरकतो, एक ताई पदर सारखा करायच्या निमित्ताने आत निघून जातात. ज्या वाक्यामुळे माणूस जागा सोडून जातो, ते वाक्य तपासायला हवं.

आधी भाषेकडे बघू. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. चित्रही काढतो, रक्तही काढतो. काढणारा कुणीतरी असतो आणि ज्याचं काढलं जातं तोही कुणीतरी असतो. इथवर ठीक. पण पुढे आपण म्हणतो, फोटो चांगला ‘आला’. कसा आला? जसा निकाल येतो, जसा लॅबमधून रिपोर्ट येतो, तसा. गंमत अशी, की या एका क्रियापदाने काढणारा गायब होतो. प्रकाश गायब, अंतर गायब, भिंग गायब. उरतो फक्त आमचा चेहरा आणि त्याच्याबद्दल लागलेला निकाल. रिपोर्ट वाईट आला म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, हा तर्क आपण दवाखान्यातून उचलतो आणि फोटोला लावतो. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की फोटो हा चेहऱ्याचा रिपोर्ट नव्हे. त्या क्षणी, त्या प्रकाशात, त्या अंतरावरून, त्या माणसासमोर जे घडलं, त्याची ती नोंद आहे. यातली एक गोष्ट बदला, नोंद बदलते. चेहरा तोच राहतो.

आता हे नुसतं बोलून चालणार नाही, दाखवायला हवं.

हल्ली या विषयावर सल्ल्यांचा पूर आहे. हनुवटी थोडी पुढे काढून खाली घ्या, अंग तिरपं ठेवा, एका पायावर भार द्या, हात शरीराला चिकटवू नका, डोळे किंचित बारीक करा. आम्ही हे सल्ले समीक्षकाच्या नजरेने वाचले. त्यातला काही भाग शुद्ध प्रकाशशास्त्र आहे आणि तो खरा आहे. काही भाग मात्र लपण्याची कला आहे. मान लपवा, पोट लपवा, दंड लपवा. दोन्ही एकाच यादीत, एकाच सुरात येतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की आपला चेहराच एक अडचण आहे आणि ती सोडवायची आहे. आमची तक्रार आहे ती या सुराबद्दल.

प्रकाशशास्त्राचा भाग घेऊ. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांकडे लोक सेल्फी घेऊन यायचे आणि म्हणायचे, माझं नाक फार मोठं दिसतं, कापून लहान करा. तेव्हा २०१८ साली त्यांनी गणित मांडून दाखवलं, की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे तीस टक्के जास्त रुंद भासतं. कारण साधं आहे. जे जवळ ते मोठं, जे दूर ते लहान. हाताच्या अंतरावर कॅमेरा धरला, की नाक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ येतं. पाच फुटांवर तोच फरक नगण्य होतो. म्हणजे माणूस हाताच्या लांबीवरून आपला फोटो काढतो, कॅमेऱ्याची भूमिती त्याला दिसते, आणि तो ती आपल्या नाकाच्या नावावर लिहून टाकतो. शस्त्रक्रियेची वेळ ठरवायला निघतो! उपाय काय? मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला चार-पाच पावलं मागे जायला सांगा, आणि चेहरा मोठा हवा असेल तर तिथूनच झूम करा. पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट समूहफोटोची. लग्नात सगळ्यांना एका चौकटीत बसवायचं म्हणून मोबाइलवाला रुंद भिंग लावतो. रुंद भिंगात कडेला उभी असलेली माणसं आडवी ताणली जातात. मधल्या नवरीचं काही बिघडत नाही, कडेच्या मावशींचं बिघडतं. पुन्हा गंमत बघा. मावशी कडेला का उभ्या राहिल्या? आपण जाड दिसतो म्हणून. आणि कडेला उभ्या राहिल्या म्हणून त्या आणखी जाड दिसल्या. भीती आपला पुरावा स्वतःच तयार करते. तेव्हा मावशींनो, मध्ये या.

तिसरी गोष्ट प्रकाश. इथे आम्हांला आपल्या चारकोपबद्दल एक बरी गोष्ट सांगता येते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे जी वसाहत आखली, तिच्यात लोकांना छोटे छोटे भूखंड दिले, आणि पस्तीसेक घरांची एक सोसायटी, मध्ये सगळ्यांचा मोकळा चौक, अशी रचना केली. घरं ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधली, नंतर वाढवली. या घरांत खोल्या अरुंद आणि छताला किंवा भिंतीवर उंच ट्यूबलाइट. वरून पडणाऱ्या ट्यूबच्या उजेडात डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, डोळ्यांखाली काळं दिसतं, कपाळ चमकतं. देवालाही त्या उजेडात उभा केला तर तो आजारी दिसेल. पण तोच माणूस दोन पावलं पुढे येऊन दाराच्या चौकटीत, चौकाकडे तोंड करून, सावलीत उभा राहिला, तर समोरच्या मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड तोंडावर पडतो. ज्यासाठी स्टुडिओवाले मोठमोठ्या छत्र्या लावतात, तो हाच उजेड. आणि पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ म्हणजे तर सगळ्या उपनगरावर धरलेली एकच छत्री. आपण मात्र फोटो काढायला आत जातो आणि दार लावून घेतो.

इथवरची बाजू सोपी होती. आता आरशाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

स्वतःचा चेहरा ही जगातली अशी एक गोष्ट आहे, जी आपण कधीच थेट पाहिलेली नाही. ‘दृग्दृश्यविवेक’ नावाच्या वेदान्तातल्या छोट्या ग्रंथात पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांची फोड केलेली आहे. रूप हे दृश्य, डोळा हा पाहणारा, मग डोळाही मनाचं दृश्य होतो, अशी ती पायरी चढत जाते. आम्ही वर्गात हे शिकवताना नेहमी म्हणायचो, की डोळ्याला सगळं दिसतं, डोळा दिसत नाही. मग आपल्याला आपला चेहरा माहीत कुठून झाला? आरशातून. आणि आरसा डावं-उजवं फिरवतो. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. आरशात ती बाईला आपल्या डाव्या हाताच्या बाजूला दिसते, फोटोत उजव्या हाताच्या बाजूला. भांग, गालावरचा तीळ, किंचित वर गेलेली भुवई, सगळं उलट. कुठलाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे ही उलटापालट आपल्याला जाणवते, पण काय बदललं ते सांगता येत नाही. नुसतं वाटतं, काहीतरी बरोबर नाही.

१९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या तीन अमेरिकी संशोधकांनी यावर एक सुंदर साधा प्रयोग केला. तरुणींचे फोटो घेतले, प्रत्येकीच्या दोन प्रती केल्या, एक सुलट आणि एक आरशातल्यासारखी उलट. त्या तरुणींना जास्त करून आरशातली प्रत आवडली. त्यांच्या मैत्रिणींना आणि प्रियकरांना मात्र सुलट प्रत आवडली. प्रत्येकाने आपल्या ओळखीचा चेहरा निवडला. परिचयाने आवड वाढते, हे रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ सालीच मांडलं होतं. त्याचा हा चेहऱ्यावरचा पडताळा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्हांला तुमचा फोटो ‘वाईट’ वाटतो तेव्हा पुष्कळदा तो फक्त ‘अनोळखी’ असतो. आणि ज्यांना तुम्ही रोज दिसता, त्या घरच्यांना तो अनोळखी नसतो. त्यांना तो तुमच्यासारखाच वाटतो. घरचे म्हणतात ‘छान आलाय की’, आणि आपण म्हणतो ‘तुम्ही आपलं बरं वाटावं म्हणून बोलता.’ इथे साक्षीदार कोण भरवशाचा? ज्याने तुमचा चेहरा सुलट पाहिलाय तो, की ज्याने कायम उलटा पाहिलाय तो? पुरावाशास्त्राच्या दृष्टीने तुमची साक्ष दुबळी आहे. मोबाइलने यात आणखी घोळ घातला. पुढच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण आरशासारखे दिसतो, आणि पुष्कळ मोबाइल फोटो जतन करताना तो सुलटा करतात. म्हणून बटण दाबेपर्यंत बरं असलेलं तोंड दाबल्यावर एकदम परकं होतं.

पण एवढ्याने तक्रार संपत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. अंतर, उजेड, आरसा सगळं समजलं, तरी कॅमेरा समोर आला की चेहरा ताठ होतोच. इथे रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाचं नाव घ्यावं लागेल. १९८० साली आलेल्या ‘ला शांब्र क्लेर’ या छोट्या पुस्तकात त्याने हा अनुभव फार बारकाईने लिहिला आहे. भिंगाची नजर आपल्यावर आहे हे कळताच आपण आपोआप ‘पोज’ घेतो, स्वतःचं आधीच एक चित्र करून टाकतो. मी स्वतःला जो समजतो तो, लोकांनी मला जो समजावं असं वाटतं तो, फोटोवाला मला जो समजतो तो, आणि त्याला आपली कला दाखवायला जो हवा असतो तो, असे चार जण एका खुर्चीत बसतात. एवढी गर्दी झाल्यावर तोंड वाकडं होणार नाही तर काय!

बार्थचं निदान आम्हांला मान्य आहे. त्याच्या आधी सार्त्रनेही, १९४३ मध्ये, दुसऱ्याच्या नजरेखाली माणूस वस्तू कसा होतो हे सांगितलंच होतं. किल्लीच्या भोकातून आत डोकावणारा माणूस मागे पावलं वाजताच एकाएकी स्वतःलाच दिसू लागतो. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रण करायचे. बडोद्यात कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो असा समज पसरल्याने त्यांचा धंदा बसला, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. आपण त्या लोकांना हसतो. पण कॅमेऱ्यासमोर अंगातलं काहीतरी निघून जातं, हा अनुभव त्यांचा खोटा नव्हता. कारण चुकीचं होतं.

तरी बार्थवर आमचा एक आक्षेप आहे. त्याच्या लिखाणात कॅमेरा सगळ्यांकडे सारख्याच डोळ्याने पाहतो, असं वाटत राहतं. तसं नव्हतं. रंगीत फिल्मचा छापा बरोबर आला की नाही हे ताडून पाहायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र पाठवत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे कित्येक वर्षं त्या चित्रात गोरी बाई असायची, आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे. तिची कातडी बरोबर आली म्हणजे रंग बरोबर. मग सावळ्या, काळ्या माणसांचं काय व्हायचं? तपशील बुडायचे, दात आणि डोळे तेवढे दिसायचे. कोडॅकमधल्या एका जुन्या अधिकाऱ्याने नंतर सांगितलं, की तपकिरी रंगाच्या छटा नीट येत नाहीत अशी दखल घेण्यासारखी तक्रार केली ती चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी. चॉकलेटला न्याय मिळाला, त्यामागोमाग माणसांना थोडा मिळाला.

आता आपल्या घरातले १९७०–८० मधले रंगीत अल्बम डोळ्यांसमोर आणा. ज्या आत्याचा ‘फोटो कधीच चांगला आला नाही’, ती बहुधा सावळी होती की नाही? आणि त्याच काळात तिचा ‘दाखवायचा फोटो’ काढला जात होता. स्टुडिओत नेऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. तो फोटो पाकिटात घालून अनोळखी घरी जायचा आणि त्याच्यावरून होकार-नकार यायचा. तिथे ‘फोटो आला’ म्हणजे खरोखरच निकाल आला, अशी स्थिती होती. म्हणून स्टुडिओवाला ब्रश घेऊन रंग उजळायचा. आज तेच काम मोबाइल न विचारता करतो, गाल गुळगुळीत आणि कातडी एक छटा गोरी. क्रीमच्या नावातला ‘फेअर’ शब्द २०२० मध्ये गेला. मोबाइलच्या आतला गेला की नाही, ते तुम्हीच आपापला फोटो उघडून पाहा. आमची स्पष्ट शिफारस आहे, सेटिंगमध्ये जाऊन ते सौंदर्यवर्धन बंद करा. त्याने फोटो ‘सुधारत’ नाही, पुढच्या साध्या फोटोची भीती वाढते.

इथे कुणीतरी हमखास स्मिता पाटीलचं नाव घेतं, की ती सावळीच होती, तरी कॅमेऱ्याचं तिच्यावर प्रेम होतं, तेव्हा हे सगळं जन्मजात असतं. आम्हांला हे पटत नाही. मुंबई दूरदर्शनवर ती बातम्या द्यायची, तिथून श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांत गेली. ‘भूमिका’ १९७७ चा. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेला. तो पुन्हा पाहा आणि चेहऱ्यावर उजेड कुठून येतो तेवढंच बघा. छायाचित्रण गोविंद निहलानींचं आहे. सावळी कातडी पांढरी करायची नाही, तिच्यावर उजेड कसा सरकतो ते दाखवायचं, हे तिथे कुणीतरी समजून केलं आहे. तिचा अभिनय मोठा होताच. पण ‘ती मुळातच फोटोजेनिक होती’ असं म्हणून आपण निहलानींचं श्रेय तिच्या गालाच्या हाडांना देतो, आणि आपल्या ट्यूबलाइटचा दोष आपल्या गालाच्या हाडांना.

आणखी एक फोटो सांगतो, तो आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो. १० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. जपानच्या केइ ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबूली, आणि आपल्या आनंदीबाई जोशी. आनंदीबाईंचं वय तेव्हा वीस. त्या हसत नाहीत, कुणीच हसत नाही. गोड दिसायचा काही प्रयत्न नाही. फोटोत हसणं ही मुळात पुढच्या काळात, हातातल्या स्वस्त कॅमेऱ्यांबरोबर रुळलेली रीत. दीड वर्षात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई गेल्या. हा फोटो चांगला आला आहे का? प्रश्नच विचित्र वाटतो ना? कारण तो फोटो ‘मी कशी दिसते’ याचं उत्तर द्यायला काढलेलाच नाही. ‘आम्ही इथे होतो’ एवढं तो सांगतो.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याकडे येतो. आमच्या ओळखीचे एक स्टुडिओवाले आहेत, झेरॉक्सही काढतात, पासपोर्ट फोटोही. त्यांच्याकडे येणाऱ्या कामातलं एक ठरलेलं काम आम्हांला त्यांनी सांगितलं. घरात कुणी गेलं की रात्रीच माणसं येतात, दहाव्या-तेराव्याला हार घालायला फोटो हवा म्हणून. पुरुष असेल तर काहीतरी सापडतं, ऑफिसचं, सहलीचं. बाई असेल तर पुष्कळदा सापडत नाही. ती ‘माझा चांगला येत नाही’ म्हणत बाजूला झालेली असते, नाहीतर सगळ्यांचा फोटो तीच काढत असते, नाहीतर आत पुऱ्या तळत असते. मग लग्नाच्या समूहफोटोतून तिचा नखाएवढा चेहरा कापून मोठा करायचा, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, मागे निळं आभाळ घालायचं. नाहीतर आधार कार्ड. आणि ओळखपत्राच्या फोटोची वंशावळ बघा, १८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत बेर्तियाँने गुन्हेगार नोंदवायला जी समोरून-बाजूने फोटो काढायची शिस्त लावली, त्याचा तो पणतू. नजर समोर, तोंड मिटलेलं, भाव नको. चाळीस वर्षं ज्या बाईने घर हसतं ठेवलं, तिचा भिंतीवरचा फोटो असा.

बार्थच्याच पुस्तकाचा उत्तरार्ध यावर आहे. १९७७ मध्ये त्याची आई गेली. तिचे फोटो चाळताना त्याला कशातच ‘ती’ सापडेना. शेवटी सापडली ती पाच वर्षांची असतानाच्या एका जुन्या फोटोत. पुस्तकभर इतके फोटो छापले, तो मात्र छापला नाही. इतरांना त्यात काहीच दिसणार नाही, म्हणाला. तिच्याबद्दल त्याने एक गोष्ट नोंदवली आहे, की फोटो काढताना ती स्वतःच्या प्रतिमेशी झगडत नसे, नुसती समोर बसत असे. आमच्या मते सगळ्या सल्ल्यांहून हे निरीक्षण मोलाचं आहे. पण ‘झगडू नका’ असं सांगून कुणाचं झगडणं थांबत नाही, तेव्हा थोडं व्यवहाराचं सांगतो.

पोज निवडण्यापेक्षा फोटो काढणारा निवडा. ज्याच्यासमोर तुम्ही एरवी जेवता, भांडता, त्याच्या हातात मोबाइल द्या. एक-दोन-तीन म्हणू नका, तीनला प्रत्येक चेहरा मरतो. बोलत राहा, वाक्याच्या मध्ये काढू द्या, आणि वीसेक काढू द्या. चेहरा ही वाहती गोष्ट आहे, तिचा एक थेंब काढून चव ठरवू नये. हाताला काम असू द्या. भाजी निवडताना, हार ओवताना माणूस स्वतःला विसरतो. काढल्याबरोबर पाहू नका. पंधरा दिवसांनी पाहा, आरशाचा दाब तोवर कमी झालेला असतो. आणि पुसायचा अधिकार एकट्याकडे ठेवू नका. तो फोटो तुमच्याहून दुसऱ्या कुणालातरी जास्त लागणार आहे.

प्रश्न असतील तर घेऊ. शेवटच्या रांगेतल्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता... बरोबर, ताई म्हणतायत की मग आत्ता सगळ्यांचा एक फोटो काढू या. काढू या की. पण इथे या ट्यूबखाली नको, बाहेर चौकात चला, अजून उजेड आहे. आणि कडेला कुणी उभं राहायचं ते आम्ही ठरवणार.